खतखड्ड्याजवळचा गुलाब

ताईची गाडी फाटकातून आत आली तेव्हा भाऊ पायरीवर उभाच होता, आणि त्यावरूनच तिनं ओळखलं की आज आपल्याला नुसतं जेवायला बोलावलेलं नाही. एरवी रोपवाटिकेत भाऊला गाठायचं म्हणजे ओळीओळींतून हाका मारत हिंडावं लागे. आज मात्र त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नखांतली मातीसुद्धा काढली होती.

“मायक्रोस्कोप आणलास ना?” गाडीचं दार उघडत त्यानं विचारलं.

“आणलाय. मी पण आलेय, दिसले का?”

तो ओशाळून हसला आणि पेटी उचलून पुढं झाला. वडिलांच्या, अण्णांच्या, शेवटच्या आजारपणात दोघांमध्ये जे कडू बोलणं झालं, त्यानंतर बहीणभाऊ जपूनच वागत होते. फोन व्हायचे, पण आईच्या औषधापुरते. आज त्यानं आपण होऊन बोलावलं होतं, म्हणून ताईनं रजा टाकून भल्या सकाळी घर सोडलं होतं.

स्वयंपाकघरात आई टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. भावजय खांद्यात फोन धरून कुणाला तरी रोपं कधी पोचतील ते समजावत होती. पलीकडच्या खोलीत आत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, गुडघ्यावर ओला पंचा टाकून पडली होती. ती कालच राहायला आली होती. सगळा जन्म तिकडे डोंगरातल्या इस्पितळात परिचारिका म्हणून काढलेला, त्यामुळे ती स्वतःच्या गुडघ्यालाही पेशंटसारखी दरडावत होती. “गप पडून राहा म्हटलं ना? उद्या चालायचंय तुला,” असं काहीतरी आतून ऐकू येत होतं.

ताईच्या हातात चहाचा कप आला तेव्हा कुठं भाऊनं तोंड उघडलं.

“अण्णांचा शेवटचा गुलाब सापडलाय.”

ताईनं कप खाली ठेवला. “म्हणजे?”

“मागं पंपघराच्या भिंतीला लागून खतखड्डा आहे ना, त्याच्या बाजूला एक झुडूप वाढलंय. कुणी लावलेलं नाही. मला वाटलं कलम मेलं असेल आणि खालचा खुंट माजला असेल. आपल्याकडे नेहमीच होतं ते. उपटून टाकावं म्हणून हात घातला, अगदी उघडा हात. आणि ताई, एक काटा लागला नाही मला! वरपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत फांदी गुळगुळीत आहे.”

त्याला पुढं सांगायची गरजच नव्हती. बिनकाट्यांचा गुलाब हे अण्णांचं जन्मभराचं वेड होतं. त्यांचे गुलाब शहरातल्या मोठ्या बागेत होते, न्यायालयासमोरच्या चौकात होते, आणि ज्यांनी त्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा कितीतरी लोकांच्या अंगणांत होते. अण्णांनी रंग साधला, वास साधला, पाऊस सोसणारी पाकळी साधली. काटा मात्र शेवटपर्यंत त्यांना पुरून उरला.

“शेवटची दोन वर्षं ते तिथंच खुर्ची टाकून बसायचे,” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. “कुणाला काही बोलले नाहीत. तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव. पुरतं जमेपर्यंत ते कुणाला वास लागू द्यायचे नाहीत.”

“आणि इस्त्रीचा शर्ट कशासाठी?”

उत्तर भावजयीनं दिलं. तिचा फोन संपला होता. “चार वाजता उत्पादक संघाचे अध्यक्ष येतायत, ताई. ह्या वर्षीच्या प्रदर्शनात अण्णांच्या नावानं तो गुलाब जाहीर करणार आहेत. ह्यांनी त्यांना सांगून टाकलंय.”

“अजून नुसतं सांगितलंय,” भाऊ घाईनं म्हणाला. “पक्कं तू आलीस की करायचं, असंच ठरलंय. हा संकर आहे, रानातलं झाड नाही, एवढंच तू त्यांच्यासमोर म्हणायचं. तुझा शब्द कोण खोडणार?”

वनस्पती संग्रहालयात ताईनं उभी हयात घालवली होती. कुठकुठून लोक तिच्याकडे वाळवलेल्या फांद्या पाठवत आणि हे काय आहे ते सांगा म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहत. घरात मात्र त्या कामाची चेष्टाच जास्त व्हायची. “आमची ताई जगाला नावं ठेवते आणि वर त्याचा पगार घेते,” असं अण्णा आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, पण एखाद्या झाडाबद्दल त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं. घरात तिचं मत कुणीतरी मागतंय, ही पहिलीच वेळ होती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच ती सावध झाली.

“आधी बघू तरी दे,” ती उठत म्हणाली.

पंपघराच्या मागं अण्णांखेरीज घरातलं कुणी सहसा फिरकत नसे. भिंतीची ती बाजू उत्तरेची, दिवसभर सावलीत. पंपाच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळून माती कायम गार आणि ओलसर. तिथं ते झुडूप माणसाच्या डोक्याएवढं उंच वाढलं होतं. लालसर तपकिरी, सळसळीत फांद्या, आणि त्यांवर पाच पाकळ्यांची साधी, गडद गुलाबी फुलं. अण्णांच्या भरगच्च गुलाबांपुढे ती अगदी उघडीबोडकी दिसत होती, पण ताईचं पाऊल जागीच थांबलं.

“आहे की नाही?” भाऊ हळूच म्हणाला.

“आहे,” ती म्हणाली. “देखणा आहे. खुरपं दे.”

दोघं गुडघ्यांवर बसली. बुंध्याभोवतीची माती भाऊनं अशी अलगद काढली की एक बारीक मूळही दुखावलं नाही. ताई त्याच्या हातांकडे बघत राहिली. ह्या हातांनी कलमांचे किती डोळे भरले असतील, किती कलमं बांधली असतील, त्याला गणती नव्हती. लहानपणी दोघं अशीच मातीत बसून गांडुळं शोधायची.

“कलमाचा डोळा भरल्याची गाठ दिसतेय का?” तिनं विचारलं.

त्यानं बुंध्यावरून अंगठा फिरवला, खाली गेला, पुन्हा वर आला. “नाही. कुठंच नाही. सरळ स्वतःच्या मुळावर आहे.”

“म्हणजे खुंट माजलेला नाही, हे तुझं बरोबर.”

भाऊचा चेहरा उजळला. “मी तेच म्हणतोय! अण्णांनी बी पेरून वाढवलेलं झाड आहे हे.”

“बी पेरून वाढलेलं, एवढंच आत्ता म्हणता येतं. कुणी पेरलं ते झाड सांगत नाही.”

मग तिनं भिंग काढलं आणि आपल्या पद्धतीनं, सावकाश, झाडाकडे बघायला लागली. एका देठावर सात छोटी पानं, कुठं नऊ. खालच्या जुन्या फांदीवर मऊशा कुसळांसारखे थोडे काटे, वर काहीच नाही. मागच्या हंगामाची वाळलेली फळं अजून लटकत होती. ती तिनं सगळ्यात जास्त वेळ पाहिली. लांबट, मान असलेल्या बाटलीसारखी, खाली तोंड करून लोंबणारी. आणि फुलाच्या बुडाशी असतात ती हिरवी पाती टोकाला तशीच शाबूत, वाळून एकत्र मिटलेली. बागेतल्या गुलाबांच्या फळांवरून ती बहुधा गळून जातात किंवा मागं वळतात.

एक शंका तिच्या मनात येऊन बसली. ती तिनं बोलून दाखवली नाही. एक फुललेली फांदी आणि एक फळांची फांदी कापून घेतली आणि म्हणाली, “चल. आता पराग बघू.”

जेवणाचं टेबल रिकामं केलं गेलं. वाटाण्याचं पातेलं मांडीवर घेऊन आई खिडकीशी जाऊन बसली. ताईनं मायक्रोस्कोप मांडला, काचपट्टीवर पराग झटकला, रंगाचा थेंब सोडला आणि डोळा लावला. भावजयसुद्धा फोन उलटा ठेवून उभी होती.

मग ताई उठली. बाहेरच्या ओळीतून अण्णांच्या सगळ्यात नावाजलेल्या पिवळ्या गुलाबाचं एक फूल तोडून आणलं आणि त्याचाही पराग दुसऱ्या काचपट्टीवर घेतला.

“इकडं ये,” ती भाऊला म्हणाली. “हा आधी बघ. अण्णांचा.”

भाऊनं डोळा लावला. “काही गोल आहेत. बरेचसे चेपलेले, सुकलेले.”

“कारण त्याच्या मागं पिढ्यान्‌पिढ्यांची सरमिसळ आहे. अण्णांचा असा एकही गुलाब नाही ज्याचा पराग सगळाच्या सगळा भरलेला आहे. आता हा बघ. भिंतीकडचा.”

त्यानं पाहिलं. मान वर केली नाही. ताईला ठाऊक होतं त्याला काय दिसतंय ते. एकसारखे, टच्च भरलेले, रंग प्यालेले गोल दाणे, एकाशेजारी एक.

“नुसत्या परागावर मी पैज लावणार नाही,” ती म्हणाली. आवाज जितका मऊ करता येईल तितका तिनं केला. “पण पानं, काटे, फळाची मान, टोकाची पाती, सगळं एकच सांगतंय. कुठंही दुसऱ्या झाडाची छाया नाही. भाऊ, हा संकर नाही. हा रानगुलाब आहे. उंच डोंगरात, थंडीत वाढणारा. आमच्याकडे ह्याच्या फांद्या आहेत, मी त्या हाताळल्यात. बिनकाट्याचा तो जन्मतःच असतो.”

भाऊ ताठ उभा राहिला. “उंच डोंगरातला? इथं? इथं तर डोंगर औषधालाही नाही!”

“हो. ते कोडं मलाही आहे.”

“म्हणजे तुलाही माहीत नाही.”

“तो इथं कसा आला, ते माहीत नाही. तो कोण आहे, ते माहीत आहे.”

“बघ आई, बघ!” भाऊ खिडकीकडे वळला. “घरचं माणूस म्हणून हिला बोलावलं. परकं कुणी असतं तर म्हणालं असतं, असेल बाबा, अण्णांनी काहीतरी चमत्कार केला असेल. ही मात्र काचेत बघून मोकळी! अण्णांच्या नावाला शेवटी एक मान मिळत होता, तोही हिला बघवला नाही.”

ते शब्द ताईला लागले. तिनं काचपट्टी पुसायला घेतली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

आईनं वाटाण्याची शेंग मोडता मोडता हलकेच म्हटलं, “ताई, तू काही खोटं बोल असं मी म्हणत नाही. पण चार माणसांसमोर ‘असू शकेल’ म्हटलंस तर काय बिघडेल? एवढा राबला तो माणूस.”

“आई, अण्णा असते तर त्यांनी तरी असं म्हणू दिलं असतं का?”

“ते नाहीत ना आता.” आईनं मान फिरवली.

ह्या सगळ्यात भावजय कोणाच्या बाजूनं बोलेल ह्याची ताईला खात्री नव्हती. नवऱ्याच्याच, असं तिनं धरलं होतं. पण भावजय टेबलाच्या कडेला टेकली आणि भाऊकडे बघून म्हणाली, “मी एक विचारू? उद्या अण्णांचा म्हणून हा गुलाब आपण विकला. लोकांनी हौसेनं उन्हात लावला. डोंगरातलं झाड, ते उन्हात जगेल का?”

“बहुतेक नाही,” ताई म्हणाली. “तिथं सावली आहे, गारवा आहे, पाणी आहे, म्हणून टिकलंय.”

“झालं तर मग. ती माणसं मेलेलं रोप घेऊन माझ्या काउंटरवर येणार. आणि काय म्हणणार? अण्णांचा गुलाब मेला. आजवर हे वाक्य मी एकदाही ऐकलेलं नाही, आणि मला ऐकायचंही नाही.”

“तूसुद्धा?” भाऊ एवढंच म्हणाला.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून काठीचा आवाज आला. आत्या दारात उभी होती, पंचा अजून गुडघ्याला गुंडाळलेला. “काय आरडाओरडा चाललाय? इस्पितळात असते तर सगळ्यांना बाहेर काढलं असतं,” असं म्हणत ती खुर्चीकडे आली, टेबलावर हात टेकला, आणि तिचा हात नेमका त्या फळांच्या फांदीवर पडला.

तिनं फांदी उचलली. डोळ्यांजवळ नेली. एक वाळलेलं फळ बोटांनी चुरडलं.

“अगं बाई,” ती म्हणाली. “हे इथं कुणी आणलं? आमच्या इस्पितळाच्या मागं ओढ्यापर्यंत हेच तर होतं सगळं.”

ताईनं हातातली काचपट्टी खाली ठेवली. “आत्या, नक्की?”

“आता ह्यात नक्की काय विचारतेस! जन्म गेला माझा तिथं. हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही सगळ्याजणी टोपल्या घेऊन ही फळं काढायचो. उकळून गाळलं की छातीला असं औषध नाही. मी निवृत्त होऊन आले तेव्हा अण्णासाठी पिशवी भरून आणली नव्हती का? त्याची छाती तेव्हा फार भरायची. वहिनी, तुम्हीच तर ती साफ केलीत!”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईचे हात पातेल्यात थांबले होते.

“ती लाल फळं?” आई म्हणाली. “हो वन्सं, केली की. चिरायची आणि चमच्यानं आतलं बी खरवडून काढायचं. त्या बियांना बारीक कुसं होती. रात्रभर हाताला खाज! मी शेवटी वैतागले आणि सगळं बी नेऊन…” तिनं खिडकीबाहेर, पंपघराच्या दिशेनं हात केला आणि तो तसाच राहिला.

“नेऊन कुठं टाकलंस, आई?” ताईनं विचारलं, उत्तर सगळ्यांना कळलेलं असूनही.

“खतखड्ड्यात. दुसरं कुठं टाकणार?”

आधी भावजय हसली. मग आत्या. आईनं पदर तोंडाला लावला, आणि तिचेही खांदे हलायला लागले. “एवढी वर्षं तुमचे अण्णा गुलाबासाठी जिवाचा आटापिटा करत होते,” ती हसतहसत म्हणाली, “आणि मी उकिरड्यावर एक उगवून ठेवलाय.”

भाऊ मात्र हसला नाही. तो खोलीतून निघून गेला.

ताई त्याला कलमांच्या शेडमध्ये शोधायला गेली. तो कट्ट्याशी बसून चामड्याच्या पट्टीवर चाकूला धार लावत होता. चाकूला धारेची गरज नव्हती.

“मी अध्यक्षांना काय सांगू?” तिच्याकडे न बघता तो म्हणाला. “मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. पाठ थोपटली त्यांनी माझी. म्हणाले, वडिलांचं नाव राखलंस. ताई, आजवर मला हे कुणी म्हणालं नव्हतं.”

ताई त्याच्या शेजारी बसली. अण्णांचे गुलाब सगळ्यांना माहीत होते, पण ती रोपं वाढवली कुणी, पावसात झाकली कुणी, रोग पडला तेव्हा अख्खी ओळ जाळून पुन्हा उभी केली कुणी, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

“मी सांगते त्यांना,” ती म्हणाली. “लोकांना नको असलेलं उत्तर द्यायची मला सवय आहे. तू पुढं येऊ नकोस.”

भाऊनं चाकू मिटला. “तुझी खात्री आहे? आत्या बोलायच्या आधी होती?”

“होती.”

“आणि आत्या आली नसती, तर तू तशीच अडून बसली असतीस? मी, आई, सगळे विरुद्ध असताना?”

“वाईट वाटलं असतं. पण हो, बसले असते.”

त्यानं उठून पाणी मारून तोंड धुतलं आणि तो घराकडे चालायला लागला.

अध्यक्ष वेळेवर आले. भारदस्त, मोकळ्या मनाचा माणूस. अण्णांच्या हाताखाली शिकलेले असल्यामुळे आईशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. चहा झाला, अण्णांच्या आठवणी निघाल्या. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर मारले.

“चला, आता दर्शन घडवा. प्रदर्शनाच्या मंडपात मधली जागा मी राखून ठेवलीय. ह्या ताई ना? तुमचं नाव ऐकून आहे. तुम्ही शिक्कामोर्तब केलंत की आम्ही मोकळे.”

ताईनं घसा साफ केला. तिनं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. पण तिच्याआधी भाऊ उभा राहिला.

“साहेब, माझी चूक झाली,” तो म्हणाला. “तो गुलाब अण्णांचा नाही. डोंगरातला रानगुलाब आहे. आमच्या आईनं औषधाच्या फळांचं बी खतखड्ड्यात टाकलं, त्यातून आलाय.”

अध्यक्षांचा कप अर्ध्यावर थांबला. ते एकदा सगळ्यांकडे बघून हसले, समजूत घालावी तसे. “अहो, एवढं कशाला मनाला लावून घेता? अण्णांच्याच बागेत वाढलाय ना? त्यांनीच पाणी घातलं असेल. अण्णांचा म्हणा. आमच्या मंडपात कोण भिंग घेऊन येतंय? माझी काही हरकत नाही.”

ताईला वाटलं, भाऊ आता मान डोलावेल. वाट अगदी सोपी करून दिली होती आणि तीसुद्धा भल्या मनानं. तिनं भाऊकडे पाहिलं नाही, त्याला अवघड वाटू नये म्हणून.

“तुमची हरकत नसेल, साहेब,” भाऊ म्हणाला, “पण माझी आहे. माझ्या वडिलांनी जन्मभर जे गुलाब केले, त्यातला एकेक मी ह्या हातांनी वाढवलाय. ते कुठल्याही भिंगाखाली धरा. ते अण्णांचेच निघतील. त्यांच्या नावाला उसना गुलाब लागत नाही.”

तो हे मोठ्यानं बोलला नाही. ओळीत उभं राहून रोपाची माहिती गिऱ्हाइकाला सांगावी, तसं बोलला. आईनं पातळाचा पदर सारखा केला आणि ताठ बसली. आपल्या नवऱ्याची मान इतकी उंच भावजयीनं बहुधा कधी पाहिली नसावी. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

अध्यक्षांनी कप बशीत ठेवला. त्यांचं हसू गेलं होतं, पण राग आलेला दिसत नव्हता. “अण्णा हेच बोलले असते,” ते हळूच म्हणाले. “अगदी ह्याच शब्दांत नाही. आधी मला दोन शिव्या घातल्या असत्या.” मग जरा थांबून, “बरं, डोंगरातला म्हणता, तर तो आहे तरी कोण? आणि हे ओळखलं कुणी?”

“आमच्या ताईनं,” भाऊ म्हणाला. “मी म्हटलं संकर, आई म्हणाली असू दे, सगळे तिच्या अंगावर गेलो. ही एकटी अडून बसली. आत्यानं नंतर खूण पटवली, पण त्याआधी हिनं नुसत्या फांदीवरून सांगितलं होतं. दादच द्यायला हवी.”

ताईच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. संग्रहालयात तिला पदकं मिळाली होती, भाषणं झाली होती, परदेशातले लोक तिच्यासाठी उठून उभे राहिले होते. त्यातलं एकही तिला ह्या क्षणी आठवेना.

तिनं त्या गुलाबाचं लॅटिन नाव सांगितलं. ते ऐकून आत्या म्हणाली, “हे असलं नाव घेऊन आमच्याकडे कुणी आलं असतं तर आम्ही त्याला गळ्याची तपासणी करायला पाठवलं असतं.” ताईनं हसत सांगितलं की त्याचा अर्थ ‘लोंबत्या फळांचा’ एवढाच आहे, आणि मग अध्यक्षांना फळाची मान कशी ओळखायची, पाती का गळत नाहीत, हे दाखवायला लागली. अध्यक्षांनी चष्मा चढवला. प्रश्नामागून प्रश्न विचारले. मधेच आईनं त्यांना थांबवून, बी कसं खरवडलं आणि हाताला कशी कुसं लागली ते पहिल्यापासून सांगितलं. आता त्या गुलाबावर तिचा हक्कच आहे अशा थाटात.

सगळे उठून पंपघराकडे निघाले. आत्यानं गुडघ्याला आणखी एकदा दम भरला आणि भावजयीच्या खांद्यावर हात ठेवून तीही निघाली. झुडपाजवळ गेल्यावर तिनं एक फूल ओढून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

“ताई,” परतताना अध्यक्ष म्हणाले, “मंडपातली मधली जागा तर मी राखून ठेवलीच आहे. तिथं अण्णांचे सगळे जुने गुलाब मांडू. एकूण एक. आणि त्या दिवशी तुम्ही आमच्या लोकांशी बोला. हे झाड असं का, ते तसं का, कसं ओळखायचं. आम्ही नुसते विकत असतो. बघायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवत नाही. याल का?”

ताईला तारीख बघायची होती, रजा बघायची होती. ती तसं म्हणणार, एवढ्यात भाऊनं खांद्यावरची मायक्रोस्कोपची पेटी सावरली.

“येईल,” तो म्हणाला. “तिला आणायला मी जाईन. आणि साहेब, पहिली रांग आमच्यासाठी ठेवा. आम्ही सगळे येणार आहोत.”